नऊ दाखल क्रमांक

“मागची बाजू घेतलीत का?” सुतारमामांनी विचारलं.

वाचनालयाच्या दारात टेंपो उभा होता. तालिकेच्या सागवानी कपाटाचे खण एकेक करून ओढले जात होते आणि त्यांतली कार्डं पोत्यांत ओतली जात होती. मी हातात कागद घेऊन पायरीवर उभी होते. मामा रस्त्याच्या कडेला, सायकलला टेकून.

“कशाची मागची बाजू?”

“कार्डांची. सगळ्या कार्डांचे फोटो काढलेत ना तुम्ही? मागून काढलेत का?”

“मागे काही नसतं, मामा. लेखक, शीर्षक, विषय, दाखल क्रमांक, सगळं पुढेच असतं.”

“मागं मी लिहायचो. शिसपेन्सिलीनं. माणसानं काय म्हणून मागितलं, ते.”

मी ते पाहिलं होतं. फिकट, तिरकं, एकावर एक चढलेलं अक्षर. दोन्ही बाजू स्कॅन करायच्या तर काम दुप्पट लांबलं असतं, म्हणून ‘एकच बाजू’ असं मीच स्कॅन करणाऱ्या एजन्सीला लिहून दिलं होतं. कार्डांच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती रद्दीत काढण्याचा, ठरावही मीच तयार करून कार्यकारिणीपुढे ठेवला होता.

“ते पद्धतीत बसत नाही, मामा,” मी म्हणाले. “आता लोक संगणकात शब्द टाकतील आणि पुस्तक समोर येईल. ज्याला काही सापडणार नाही, त्याचे शब्द दुसऱ्या दिवशी यादीतून माझ्याकडे येतील. एकही माणूस निसटणार नाही.”

“यादी रोज येणार?”

“रोज.”

“आणि तुम्ही वाचणार?”

“मीच. दुसरं कोण आहे इथे?”

त्यांनी मान हलवली. टेंपोवाला म्हणाला, “मामा, आडनाव सुतार आणि आयुष्यभर कागदच तासलासा! सरका आता.” मामा हसले आणि सायकल मागे घेऊन त्यांनी त्याला वाट करून दिली.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन औशाहून कर्नाटकाच्या सीमेलगतच्या त्या तालुक्याच्या गावी कंत्राटावर आले होते. लोकसेवा वाचनालयाची जुनी पुस्तकं, पुस्तिका, स्मरणिका अशा अकरा हजारांवर गोष्टी स्कॅन होऊन पडल्या होत्या आणि त्यांतली एकही कुणाला सापडत नव्हती, कारण प्रत्येक फाइलचं नाव म्हणजे नुसता एक आकडा होता. त्यांना शोधण्याजोगं करणं हे माझं काम. धोंडीराम सुतार तिथे अडतीस वर्षं साहाय्यक होते. मी रुजू झाले त्याच महिन्यात ते निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाच्या समारंभात मला त्यांच्या शेजारी बसवलं होतं. पण आमचं बोलणं झालं ते चहात साखर किती, एवढंच.

मला पहिल्या मजल्यावर खोली मिळाली. खाली वाचनकक्ष, त्यात वाचकांसाठी दोन संगणक. वर मी, स्कॅनची साठवण असलेलं यंत्र आणि एक खिडकी. भाड्याची खोली किराणा दुकानाच्या मागे होती. दुपारचा डबा एका खानावळीतून यायचा आणि तो मी टेबलावरचे कागद एका बाजूला सारून, पडद्याकडे पाहत खायचे. गावात माझ्या बोलण्याला लोक हसत. “मॅडम, तुमच्याकडं असं म्हणत्यात व्हय?” एवढं विचारून ते आपल्या कामाला लागत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्याशी चार वाक्यांहून जास्त बोलणारी एकच व्यक्ती होती, झाडलोट करणाऱ्या गौराबाई. त्यांची वाक्यंसुद्धा बहुधा माझे पाय वर उचलण्याविषयी असत.

पोर्टल सुरू झालं आणि पहिले पंधरा दिवस यादीत विशेष काही आलं नाही. टंकनाच्या चुका, क्रिकेटपटूंची नावं. सोळाव्या दिवशी एक ओळ आली. वेळ सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं, ठिकाण वाचनकक्ष, संगणक दुसरा:

*हसू यावे पण मोठ्याने नको, दवाखान्यात वाचायचे आहे.* निकाल शून्य.

मी ती ओळ दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला, त्याच संगणकावरून:

*नवरा अंथरुणावर आहे, त्याला वाचून दाखवायला.* निकाल शून्य.

मग रोज एक. रविवार सोडून रोज, अकरा ते साडेअकराच्या दरम्यान, एकच. *परीक्षेत नापास, उपदेश नको. विहीर कोरडी लागली, पुढे काय. मुलगी गेल्यावर. भावाशी बोलणे बंद आहे. मूल नाही, व्रते नकोत.*

मला वाटलं, गावात कुणीतरी एक बाई आहे, जिचा नवरा अंथरुणाला खिळला आहे, मुलगी गेली आहे, आणि ती रोज अकरा वाजता कामं आटोपून येऊन या यंत्रासमोर बसते. ‘मूल नाही’ आणि ‘मुलगी गेल्यावर’ एकाच बाईचं कसं असेल, हा विचार मी केला नाही. करावासा वाटला नाही. सकाळी कार्यालयात आल्यावर पिशवी ठेवायच्या आधी मी यादी उघडू लागले.

खाली जाऊन पाहायला अठरा पायऱ्या पुरेशा होत्या. मी गेले नाही. विद्यापीठातल्या आमच्या बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं: वाचक काय शोधतो ते पाहा, कोण शोधतो ते पाहू नका. मी ते व्रतासारखं पाळत होते. उलट अकरा वाजले की दार लोटून घ्यायचे, म्हणजे चुकूनही जिन्यातून कुणी दिसू नये.

उत्तर द्यायचा माझा मार्ग एकच होता. मी प्रत्येक नोंदीत एक नवा रकाना तयार केला, ‘वाचकाचे शब्द’. यादीतला प्रश्न घ्यायचा, त्याला लागू पडेल असं पुस्तक संग्रहात शोधायचं, आणि प्रश्नातले शब्द त्या पुस्तकाच्या नोंदीत घालायचे. म्हणजे त्याच शब्दांनी कुणी पुन्हा शोधलं, तर ते पुस्तक समोर येईल. पण दवाखान्यात मंद हसण्याचं पुस्तक कोणतं? मी विनोदी लेखांचे अकरा संग्रह वाचले. त्यांतला एक निवडला, शब्द घातले आणि वाट पाहिली. तो प्रश्न परत आला नाही. रोज नवीन प्रश्न येत होता आणि जुन्याकडे कुणी वळून पाहत नव्हतं.

यादी अठ्ठावन्न ओळींची झाली आणि थांबली.

तीन दिवस काही आलं नाही. चौथ्या दिवशी मी गौराबाईंना, शक्य तितक्या सहज, विचारलं, “खालच्या दुसऱ्या संगणकावर रोज कोण बसतं हो? आता दिसत नाही कुणी.”

“दुसरं कोन? सुतारमामा.” त्या फडकं पिळत म्हणाल्या. “एका बोटानं टिकटिक करत बसायचे. तासभर. मी म्हटलं, अवो, वर मॅडम हाईत, जावा की वर, सांगा काय त्ये. तर म्हणाले, बोलावल्याबिगर कामाच्या खोलीत जाऊ नये. आता मी वाचक हाय, वाचकानं खालीच बसायचं. मॅडम वाचत्यात म्हणाले रोज.”

“आणि आता?”

“वारं गेलं न्हवं का त्यांच्यावरनं. मंगळवारी. उजवं अंग गेलंय. बोलणं बंद.”

पाय वर उचलायला त्यांनी मला सांगितलं नाही.

मामांचं घर कुंभारवाड्याच्या टोकाला होतं. त्यांची विधवा बहीण तान्हूबाई त्यांना सांभाळत होती. मुलगा वापीला कारखान्यात. मी गेले तेव्हा मामा खाटेवर उशीला टेकून बसले होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मला पाहून त्यांनी डाव्या हाताने अंगावरची चादर नीट केली.

“बसा, मॅडम,” तान्हूबाई म्हणाल्या. “त्याला सगळं कळतंय. फकस्त भाईर येत न्हाई.”

कार्डांच्या मागचं त्यांचं अक्षर पोत्यांत जाऊ दिल्याबद्दल क्षमा मागायची, असं ठरवून आले होते. त्याऐवजी मी पर्समधून यादीचा कागद काढला आणि नुसतं वाचायला लागले. “हसू यावे पण मोठ्याने नको, दवाखान्यात वाचायचे आहे.”

मामांनी डावा हात वर केला. चार बोटं. मग मूठ. मग पाच बोटं आणि लगेच दोन. मग तीन.

“पाणी पायजे काय रं, धोंडू?” तान्हूबाई उठल्या.

त्यांनी जोरात मान हलवली आणि पुन्हा तेच केलं. चार, मूठ, पाच आणि दोन, तीन. डोळे माझ्यावर.

तिसऱ्यांदा मला कळलं. चार हजार त्र्याहत्तर. दाखल क्रमांक. मूठ म्हणजे शून्य, पाच आणि दोन म्हणजे सात. त्यांना पुस्तकाचं नाव उच्चारता येत नव्हतं, पण आकडा बोटांत शाबूत होता.

मी तशीच वाचनालयात गेले. ४०७३ हे एका तालुका मास्तरांचं आत्मवृत्त होतं. विनोदी लेखांच्या फळीवर ते कधीच आलं नसतं. चौथ्या पानावर मास्तर बैलगाडीतून पडतात तिथे मी हसले, आणि मोठ्याने हसले नाही.

त्यानंतर प्रत्येक रविवारी मी जाऊ लागले. तान्हूबाई चहा ठेवत. मी एक प्रश्न वाचायचे, मामा बोटं दाखवायचे, मी वहीत लिहायचे. सोमवारी पुस्तक काढून पाहायचे आणि नोंदीत शब्द घालायचे. नापास झालेल्यासाठी त्यांनी डोंगरी किल्ल्यांवरच्या भटकंतीचं पुस्तक सांगितलं. अंथरुणावरच्या नवऱ्यासाठी एका बोटीवरच्या स्वयंपाक्याच्या आठवणी, प्रत्येक प्रकरण सात-आठ पानांचं, एका बैठकीत संपणारं. एका दिवशी तीन-चार प्रश्न झाले की ते थकत. मी निघाले की डावा हात कपाळाशी नेत. परत येताना मी माझ्या खोलीकडे जायचा लांबचा रस्ता घ्यायचे. त्या काही महिन्यांत मी त्या गावात राहत होते असं म्हणता येईल.

असे एकतीस प्रश्न झाले. बत्तिसावा होता ‘मुलगी गेल्यावर’. तो मी मुद्दाम मागे ठेवत आले होते.

मामांनी क्षणभर डोळे मिटले. मग दोन, एक, एक, पाच आणि दोन.

२११७ ही मधमाशीपालनाची छत्तीस पानांची पुस्तिका होती. पेटी कशी करावी, तिचं तोंड कोणत्या दिशेला ठेवावं, राणी कशी ओळखावी, पावसाळ्यात साखरेचं पाणी किती द्यावं. मी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. प्रस्तावनेत, निदान अर्पणपत्रिकेत तरी काही असेल म्हणून पाहिलं. काही नव्हतं. आकडा उलटा लावून पाहिला, ७११२. त्या क्रमांकाचं पुस्तक केव्हाच गहाळ झालं होतं.

पुढच्या रविवारी मी तोच प्रश्न पुन्हा वाचला. तोच आकडा आला. मी म्हणाले, “मामा, नक्की? ही मधमाश्यांची आहे.” त्यांनी पुन्हा बोटं दाखवली, अधिक सावकाश, लहान मुलाला दाखवावीत तशी.

त्या दिवशी पुढचे दोन आकडेही मला तसेच वाटले. भावाशी अबोला असलेल्यासाठी रेल्वेच्या मार्गांवरचं पुस्तक. मूल नसलेलीसाठी लाकडाच्या जोडकामाचं. मी ठरवून टाकलं की त्यांची स्मृती आता सुटू लागली आहे. डॉक्टरांनी तान्हूबाईंना तसं बजावलंही होतं, हळूहळू गोंधळ वाढेल म्हणून.

इथे मी जे केलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी जाणं थांबवलं नाही. आणखी तीन रविवार गेले. प्रश्न वाचले. ते बोटं दाखवत राहिले आणि मी वहीवर पेन फिरवत राहिले. आकडे लिहिले नाहीत. नुसत्या रेघा ओढल्या. चुकीची नोंद संग्रहात जाऊ नये आणि त्यांचं मन दुखावू नये, अशा दोन्ही गोष्टी एकदम साधल्याचं मला समाधान होतं. तिसऱ्या रविवारी त्यांनी चौथ्या प्रश्नाला हात वर केला नाही. माझ्या वहीकडे पाहत राहिले. वही माझ्या मांडीवर होती, त्यांना दिसत नसणार, असं मी स्वतःला सांगितलं.

मग ग्रंथालय संचालनालयाचे अधिकारी पाहणीला येणार असं ठरलं आणि कार्यवाह खोत वकिलांनी मला सुट्टीच्या दिवशीही बोलावून घेतलं. दोन रविवार चुकले. मग मीच आणखी दोन चुकवले.

पाहणी उत्तम झाली. अधिकाऱ्यांनी लेखकाचं नाव टाकलं, पुस्तक आलं. विषय टाकला, यादी आली. “आदर्श काम आहे,” ते म्हणाले. खोत वकिलांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, “या आल्या आणि सगळं सापडायला लागलं.”

ते गेल्यावर गौराबाई टेबल पुसायला आल्या. मधमाश्यांची पुस्तिका अजून कोपऱ्यात पडली होती.

“अगं बाई, रेळेकरीणबाईंचं पुस्तक,” त्या म्हणाल्या.

“कुणाचं?”

“रेळेकर कंपौंडर न्हवं, त्यांच्या मंडळींचं. म्हंजे वाचनालयाचंच, खरं त्यांनी किती येळा न्हेलं. त्यांची लेक गेली बघा, अकरावीतली, कावीळ झाली. बाई चार म्हैने बोलली न्हाई कुणाशी. हितं येऊन नुसती बसायची. मामांनी हे दिलं तिला. मी म्हटलं मामांना, काय येड लागलं का तुमास्नी, त्या बिचारीला माश्या कशाला? तर म्हणाले, बघ तू.” त्यांनी पुस्तिका पुसून टेबलावर ठेवली. “परसात दोन पेट्या ठिवल्या बाईंनी. मग चार. अजून दिवाळीला मधाची बाटली येती आमच्याकडं. पाय वर घ्या.”

मी पाय वर घेतले. त्या पलीकडे गेल्यावर मी वही उघडली. शेवटच्या तीन रविवारांच्या पानांवर रेघा होत्या. काही आडव्या, काही वळणाच्या, लिहिल्याचा भास व्हावा म्हणून मधूनमधून तुटलेल्या.

मामांच्या घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, मुलगा येऊन वापीला घेऊन गेला, आठवडा झाला. तान्हूबाई धाकट्या भावाकडे उत्तूरला गेल्या. मी उत्तूरला जाऊन त्यांच्याकडून मुलाचा नंबर घेतला. त्या म्हणाल्या, “जाताना तुमची लई वाट बघितली त्यानं. मी म्हटलं, मॅडम कामात असतील.”

फोन सुनेने उचलला. मी कोण ते सांगितलं. ती चांगल्या मनाची मुलगी वाटली.

“आता कुणाला ओळखत नाहीत ते,” ती म्हणाली. “त्रास काही नाही त्यांचा. मधूनच बोटं दाखवतात. चार, दोन, मूठ, अशी. परत परत दाखवतात. काय हवंय कळत नाही. आम्ही पाणी देतो.”

“पितात?”

“पितात थोडंसं. मग पुन्हा दाखवतात.”

मी तिला फोन त्यांच्या कानाशी धरायला सांगितलं आणि ज्या प्रश्नांना नुसत्या रेघा ओढल्या होत्या, त्यांतला पहिला वाचला. मग दुसरा. “बघतच नाहीत फोनकडे,” ती म्हणाली. “आवाजाचं त्यांना आता काही कळत नाही, ताई.”

“मग एक कराल?” मी म्हणाले. “ते बोटं दाखवतील तेव्हा आकडे लिहून ठेवाल? पाच आणि दोन म्हणजे सात. मूठ म्हणजे शून्य.”

“लिहीन,” ती म्हणाली. “कशाचे आहेत पण?”

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. ते फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं.

मार्गशीर्षात एक पाकीट आलं. मुलांच्या वहीचं एक पान, वर ‘मामंजींचे आकडे’ असं निळ्या शाईत लिहिलेलं आणि खाली एकाखाली एक नऊ आकडे, प्रत्येकासमोर तारीख. पानाच्या तळाशी एका ओळीत मामा गेल्याचं कळवलं होतं.

मी ती नऊ पुस्तकं काढली. नांगराच्या प्रकारांवरचं एक. कोकणातल्या होड्यांवरचं एक. एका शाळेची स्मरणिका. पाककृती. तारायंत्राचा इतिहास. यादीतल्या उरलेल्या प्रश्नांशी ती लावून पाहिली, एकेक करून, कित्येक दुपारी. एकही खात्रीने जुळलं नाही. ती बहुधा त्यांनी कधीच टंकित न केलेल्या प्रश्नांची उत्तरं होती. कार्डांच्या मागे ते प्रश्न होते. त्या माणसांनी ते कधीतरी खाली, मामांच्या टेबलासमोर उभं राहून, हळू आवाजात विचारले होते.

मी त्या वाचनालयात आणखी सहा वर्षं राहिले. रेळेकरीणबाईंना भेटून, त्यांची परवानगी घेऊन, २११७ च्या नोंदीत ‘मुलगी गेल्यावर’ हे शब्द घातले. रेल्वेच्या मार्गांचं आणि लाकडाच्या जोडकामाचं पुस्तकही, न कळता, मामांच्या शब्दावर विश्वास ठेवून, त्या त्या प्रश्नाला जोडलं. आता तो संग्रह विद्यापीठाच्या मोठ्या यंत्रणेत गेला आहे आणि त्याची देखभाल माझ्याच विभागाकडे आहे. नोंदी तपासणारी तरुण मंडळी दर वर्षी मला विचारतात, नऊ नोंदींत ‘वाचकाचे शब्द’ हा रकाना मोकळा ठेवून त्यावर ‘भरू नये’ असं का लिहिलं आहे. यंत्र त्या अपूर्ण दाखवतं, अंदाजाने दोन शब्द घालून टाकूया का?

मी त्यांना नाही म्हणते, आणि ती नऊ पुस्तकं वाचून यायला सांगते.